खळ्यावरची बालवाडी



आजचे हे पुष्प बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक यांच्या स्मृतीला वाहिलेले आहे. ताराबाईंचे नाव घेतले की लोकांना बोर्डी आणि कोसबाड आठवते. वऱ्हाडानेही हे नाव आपले मानावे, असे मला वाटते. लग्नानंतरची काही वर्षे त्यांनी अमरावतीत काढली होती. पुढे त्या राजकोटला गेल्या, तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या आणि १९२३ मध्ये ती मानाची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात कामाला लागल्या. प्राचार्यपदावरून उठून तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसणे, हे त्या काळी लोकांना खुळेपणाचे वाटले असेल. ताराबाईंना ते शिक्षणाच्या मुळाशी जाणे वाटले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला आणि पश्चिम भारतातल्या बालशिक्षणाला एक घर मिळाले.

आजचा माझा प्रश्न साधा आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या हातात आश्विन-कार्तिकात काय असावे? माझे उत्तरही तितकेच साधे आहे. त्या दिवसांत वाशीमच्या शिवारात जे पिकते, वाळते, फुटते आणि उगवते, ते असावे. शरद ऋतू हा आपल्या जिल्ह्यातल्या बालवाडीचा सर्वांत श्रीमंत काळ आहे, आणि नेमका तोच आपण हातचा घालवतो आहोत. तो परत कसा मिळवायचा, एवढेच मला सांगायचे आहे.

गेल्या काही वर्षांत गावोगावच्या नर्सरींच्या भिंतींवर ऋतूंचे रंगीत तक्ते आले आहेत. त्यांतल्या शरदाच्या चौकोनात लालकेशरी मॅपलची पाने असतात आणि एक बोडके होत चाललेले झाड असते. कॅनडातल्या किंवा जपानमधल्या मुलासाठी ते चित्र खरे आहे. मंगरुळपीरच्या मुलाने मात्र खिडकीबाहेर पाहिले तर त्याला उलटेच दिसते. आश्विनात आपल्याकडची झाडे पावसाचे पाणी पिऊन गच्च हिरवी असतात. पळस आणि साग उघडे पडतात ते थंडी सरता सरता, उन्हाळ्याच्या तोंडाशी. पानांचा सडा, सुकलेल्या पानांचा आवाज, पानांची जाळी हे सगळे आपल्याकडे माघ-फाल्गुनातले धडे आहेत. चार वर्षांच्या मुलाला एकदा जाणवले की शाळेत सांगतात ते एक आणि बाहेर दिसते ते दुसरेच, की ते बाहेर पाहणे तरी सोडते किंवा शाळेवर विश्वास ठेवणे तरी. दोन्हींत त्याचे नुकसान आहे.

वाशीमचा शरद भरलेला असतो. सोयाबीनच्या शेंगा उन्हात तडतडू लागतात. कपाशीची बोंडे फुटतात. तुरीला पिवळा फुलोरा येतो. टेकड्यांवरच्या सीताफळांचे डोळे उघडतात आणि डोळ्यांमधल्या रेघा फिक्या होतात. अडाण आणि पैनगंगेचे पाणी निवळते, काठावर नुकतेच धुतलेले गोटे आणि गारगोट्या उघड्या पडतात. पोळ्याला केलेले मातीचे बैल अजून कोनाड्यात असतात. मग भुलाबाई येतात, घट बसतात, दसऱ्याला आपट्याची पाने येतात, कोजागरी होते आणि दिवाळीच्या पाडव्याला अंगणात शेणाच्या गवळणी मांडल्या जातात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कार्तिकापर्यंतच्या या दोन महिन्यांत आपल्या घरांत आणि शेतांत मुलाच्या हाताला जेवढे काम आहे, तेवढे वर्षभरात दुसऱ्या कोणत्याही काळात नसते.

हाताला काम का द्यायचे, हे सांगणारी माणसे जगात आधीही होऊन गेली. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली. तिचेच पुढे किंडरगार्टन झाले. त्यांनी मुलांना दिलेले पहिले साहित्य म्हणजे लोकरीचे मऊ चेंडू, आणि दुसरे म्हणजे लाकडाचा गोळा, घन आणि दंडगोल. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत बालघर उघडले, आणि मुलाचे हात हे त्याच्या बुद्धीचे अवजार आहे, हे रोजच्या निरीक्षणातून दाखवून दिले. त्यांनी केलेले साहित्य अतिशय विचारपूर्वक घडवलेले होते. एकेक ठोकळा, एकेक दांडी मापात. मात्र ते महाग होते आणि कारागिराशिवाय होत नव्हते.

इथेच ताराबाईंचे मोठेपण दिसते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. समुद्रकाठच्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी परदेशी मापाचे साहित्य कुठून आणायचे? ताराबाईंनी माँटेसरींचे तत्त्व ठेवले आणि साहित्य बदलले. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले यांच्यातून मुले लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरबरीत शिकू लागली. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा वारली मुलांसाठी तिथल्या रानातले साहित्य आले. समुद्रकाठी शिंपले आणि टेकडीवर रानातल्या बिया, हा बदल त्यांनी सहज केला, कारण मुलाच्या पायाखालची जमीन हेच त्याचे पहिले पुस्तक आहे, यावर त्यांचा विश्वास होता.

त्याच १९४५ सालातली आणखी एक हकिकत सांगण्यासारखी आहे. दुसरे महायुद्ध संपत होते. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराजवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यातल्या लोकांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले, पडक्या घरांच्या विटा गोळा केल्या आणि आपल्या लहान मुलांसाठी शाळा बांधली. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक ते काम पाहायला गेला आणि आयुष्यभर त्या कामाचा झाला. आज जगभरचे लोक रेज्जो एमिलियाच्या बालशाळा पाहायला जातात. तिथे माती, बिया, डहाळ्या, पाणी आणि उजेड हे शिकण्याचे साहित्य आहे. एकाच वर्षी बोर्डीत आणि इटलीतल्या खेड्यात, एकमेकांना न ओळखणारी माणसे एकाच निष्कर्षाला आली. लहान मुलांचे शिक्षण गावाच्या हातातल्या वस्तूंनी उभे राहू शकते.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. मी पाहिलेली एक सकाळ सांगते. मालेगाव तालुक्यातल्या एका अंगणवाडीत सेविकाताईंनी घरच्या शेतातून वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगा टोपलीभर आणल्या होत्या. चादर अंथरली, टोपली ओतली आणि त्या बाजूला बसल्या. मुलांनी आधी शेंगा कानाशी धरून हलवल्या. मग बोटांवर लव टोचते का पाहिले. मग फोडायला सुरुवात झाली. शेंगेची शिवण कुठे दाबली की ती उघडते, हे कोणी सांगितले नव्हते. एकाला सापडले आणि दोन मिनिटांत सगळ्यांना आले. एवढ्यात एक मुलगी ओरडली, “ताई, याच्यात तं चार हायेत!” सगळी मुले तिच्याभोवती. आतापर्यंत एक, दोन किंवा तीन दाण्यांच्याच शेंगा निघत होत्या, आणि चार म्हणजे नवल होते. ताईंनी तिथेच धागा पकडला. एका दाण्याच्या शेंगा एका रांगेत, दोन दाण्यांच्या दुसऱ्या, तीन दाण्यांच्या तिसऱ्या. मुले शेंग न फोडता वरून चाचपून दाणे मोजायला लागली. मग एक शेंग आली, तिच्यात काहीच नव्हते. ती पोची होती. ती कुठे ठेवायची? बराच वेळ वाद चालला. शेवटी तिच्यासाठी वेगळी जागा झाली. शून्याची ओळख मला इतकी चांगली दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

पुढचा भाग त्याहून मोलाचा आहे. एका मुलाने एकदाणी शेंगा ऐसपैस मांडल्या होत्या. त्यामुळे ती रांग सर्वांत लांब दिसत होती. ताईंनी विचारले, “कोनती रांग मोठी?” बहुतेकांनी त्याच रांगेकडे बोट दाखवले. ताई काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने एका मुलीने त्या शेंगा सरकवून जवळजवळ आणल्या आणि शेजारच्या रांगेतल्या शेंगेसमोर एकेक शेंग ठेवत गेली. तीन दाण्यांच्या रांगेतल्या कितीतरी शेंगा जोडीदाराविना उरल्या. लांब दिसणे आणि जास्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलीच्या हातांनी शोधले. ज्याँ पियाजे यांनी लहान मुलांच्या विचाराबद्दल जे प्रयोग केले, त्यांतला हा एक गाजलेला प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्याकडे एका चादरीवर, सोयाबीनच्या शेंगांत मिळाले. तीन रांगांचा तो आलेख होता, आणि तो काढायला ना खडू लागला ना वही.

ताई गप्प बसल्या, हे मला पुन्हा सांगावेसे वाटते. आपण मोठी माणसे उत्तर सांगायची घाई करतो. त्या शिकलेल्या बाईंना उत्तर माहीत होते, तरी त्या थांबल्या. बालशिक्षणातले सर्वांत कठीण कौशल्य हेच आहे.

दुसरा धडा देवघरात आहे. घटस्थापनेला आपण काळी माती आणतो, त्यात धान्य पेरतो आणि नऊ दिवस पाणी घालतो. दसऱ्याला ते अंकूर टोपीत, कानावर खोवले जातात. आपण हे पूजा म्हणून करतो, आणि ते तसेच राहू दे. बालवाडीने मात्र त्याच दिवशी आणखी दोन मडकी भरावीत. एकात माती, तीच धान्ये, आणि ते अंधाऱ्या कोपऱ्यात. दुसरे खिडकीत, उन्हात. रोज मुलांनी पाहावे आणि बोलावे. अंधारातले रोप उंच, पिवळट आणि लुळे होते. उजेडातले बुटके, हिरवे आणि ताठ. घरातल्या घटाचे अंकूर पिवळे का असतात, हा प्रश्न मग मूल घरी जाऊन आजीला विचारते. उंची मोजायला पट्टी नको. रोज एक सुतळीचा तुकडा रोपाच्या मापाचा कापायचा आणि भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवायचा. नवव्या दिवशी भिंतीवर वाढीची गोष्ट उभी राहते. ज्वारी, गहू आणि हरभरा यांतले कोणते आधी उगवले आणि कोणाची पाने बारीक, हे मुले आपल्या आपण सांगतात.

तिसरा धडा भुलाबाईंच्या खिरापतीचा. आपल्याकडे लेकींनी पिढ्यान्पिढ्या हा खेळ खेळला. गाणी झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा आणि प्रश्न विचारत जायचे. गोड आहे की तिखट? ओली की कोरडी? तळलेली की भाजलेली? एकेक उत्तर मिळाले की शक्यता कमी होत जातात आणि शेवटी नाव सापडते. हे तर्काचे शिक्षण आहे आणि भाषेचेही. बालवाडीत हाच खेळ कापडी पिशवीने खेळता येतो. पिशवीत चिंचोका, नदीचा गोटा, कापसाचे बोंड, रिठा आणि आपट्याचे वाळके पान घालायचे. मुलाने आत हात घालायचा, न पाहता चाचपायचे आणि सांगायचे. “मऊ हाय, पण मधात टणक लागते.” कापसातली सरकी त्याच्या बोटाला सापडलेली असते. माँटेसरींच्या बालघरात डोळे बांधून स्पर्शाने वस्तू ओळखण्याचे खेळ होते. आपल्या आज्यांनी ते आधीच अंगणात मांडलेले होते. मुलगे या खेळातून बाहेर राहतात, तेवढी एक चूक मात्र बालवाडीने दुरुस्त करावी. खिरापत सगळ्यांनी ओळखावी.

याच खेळाला जोडून तोलाचा खेळ येतो. एका पारड्यात ओंजळभर तूर आणि दुसऱ्यात कापसाचा मोठा ढीग. मुलांना विचारा, जड काय? सगळी मुले ढिगाकडे पाहतात. तराजू मात्र तुरीच्या बाजूने खाली जातो. ज्या मुलाने हे स्वतःच्या हाताने केले, त्याला आकार आणि वजन यांतला फरक पुढे कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आपट्याच्या पानाबद्दल थोडेसे. त्याच्या दोन पाळ्या मधल्या शिरेवर दुमडल्या की एकावर एक नेमक्या बसतात. दोन सारखे भाग म्हणजे काय, हे तीन वर्षांच्या मुलाला इतके सुबक दुसरे कोण दाखवील? पण एक पान पुरते. दसऱ्याला आपण फांद्याच्या फांद्या ओरबाडतो, झाडे बोडकी करतो. बालवाडीने मुलांना झाडाजवळ न्यावे, एक पान तोडू द्यावे आणि झाडाला तसेच उभे ठेवावे. घेणे आणि राखणे हे दोन्ही एकाच दिवशी शिकता येते.

आता ज्वारीच्या धांड्याची गोष्ट, कारण ती माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. आजच्या साठी-सत्तरीच्या कोणत्याही आजोबांना विचारा, त्यांनी लहानपणी धांड्याची बैलगाडी केलेली असते. धांड्याची कडक साल सोलून काढायची. आतला पांढरा हलका गर कापून चाके करायची. सालीच्या बारीक काड्या टाचण्यांसारख्या टोचून जू, दांडी, साटी जोडायची. गोंद नाही, खिळा नाही, पैसा नाही. काडी किती आत गेली की गर फाटतो, चाक किती जाड हवे म्हणजे गाडी उभी राहते, हे हाताला कळत जाते. भुलाबाईंचा मखरही याच धांड्यांचा. आता आपल्या शिवारात सोयाबीनने ज्वारीचा पेरा खाऊन टाकला आणि धांडा मिळणे कठीण झाले. म्हणून मी शेतकरी बांधवांना विनंती करते की बांधाच्या कडेला ज्वारीची एक ओळ गावच्या मुलांसाठी पेरा. आणि सेविकाताईंना सांगते, गावातल्या एका आजोबांना दर आठवड्याला अंगणवाडीत बोलवा. साल त्यांनी सोलावी, कारण तिची कड ब्लेडसारखी कापते. जोडणे मुलांनी करावे. त्या आजोबांकडे जे ज्ञान आहे, ते कोणत्याही प्रशिक्षणात मिळत नाही, आणि त्यांच्यानंतर ते उरणारही नाही.

या कामात जोखीम आहे, आणि ती लपवून मी तुमच्यापुढे उभी राहणार नाही. निसर्गातले सगळेच मुलाच्या हातात द्यायचे नसते. गुंज दिसायला देखणी, पण विषारी. एरंडीचे बी, धोतऱ्याचे फळ, कण्हेरीचा कोणताही भाग, हे अंगणवाडीच्या दाराआत येता कामा नये. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते. सीताफळाच्या बिया अख्ख्या असतील तर मोजायला छान, पण कुटू नयेत, कारण त्यांची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याला इजा होते. बियाण्याच्या पिशवीतून उरलेले लाल, हिरवे, निळे रंगवलेले दाणे मुलांना आकर्षक वाटतात. त्यांना औषध लावलेले असते. ते मुलांजवळ कधीही नकोत. फवारणी झालेल्या शेतातून हिरवा माल आणू नये. २०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. सोंगलेल्या मालाच्या गंजीत विंचू आणि साप बसतात. म्हणून मुलांनी गंजीत हात घालायचा नाही, मोठ्यांनी माल आणून, उन्हात पसरून, पाहून मगच द्यायचा. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना बारीक दाणे नकोत. सोयाबीनचा किंवा हरभऱ्याचा दाणा नाकात-कानात गेला तर ओलाव्याने फुगतो. तो घरी काढायचा प्रयत्न करू नये, पाणी घालू नये, थेट दवाखाना गाठावा. आणि काम सुरू करताना आणि संपवताना दाणे मोजावेत. हीसुद्धा मोजणीच आहे.

आता आईबाबांशी दोन शब्द. तुम्ही आम्हाला विचारता, “पोरगं तिथं नुसतं बियांशी खेळते. लिवते कधी?” तुमची काळजी मला कळते. शेजारच्या घरचे मूल इंग्रजी शाळेत जाऊन अक्षरे गिरवते आणि तुमचे मूल शेंगा सोलते, हे पाहून जिवाची घालमेल होते. पण पेन्सिल धरायला अंगठा आणि तर्जनी यांची जी चिमूट लागते, ती पेन्सिलने तयार होत नाही. ती कापसातून सरकी काढताना, शेंगेची शिवण दाबताना, धांड्यात काडी टोचताना तयार होते. तीन वर्षांच्या मुलाकडून रेघोट्या गिरवून घेतल्या तर हात आखडतो आणि अक्षराचा कंटाळा येतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आणि तो खेळातून, हाताने करून शिकण्याचा आहे असे सांगितले. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यानेही तेच म्हटले. ताराबाई हे शंभर वर्षांपूर्वी सांगत होत्या.

भाषेचेही असेच आहे. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरचे मूल घरी बंजारा बोली बोलते. पोहरादेवीच्या यात्रेला देशभरातून लोक येतात तेव्हा त्या बोलीचा आवाका आपल्याला दिसतो, पण अंगणवाडीत ती कानावर पडत नाही. टोपलीतली वस्तू उचलून तिचे घरचे नाव सांगायची मुभा मुलाला दिली, तर ते मूल त्या दिवसापासून बोलके होते. शेंग हातात असली की तिचे तांड्यावरचे नाव, वऱ्हाडी नाव आणि पुस्तकी नाव अशी तीनही नावे शेजारी शेजारी राहू शकतात. चित्राला हे जमत नाही, कारण चित्रातल्या मॅपलच्या पानाला त्या मुलाच्या घरी नावच नसते.

शेवटी सगळ्यांत अवघड मुद्दा. ज्या आठवड्यांत शिवार सर्वांत भरलेले असते, त्याच आठवड्यांत अंगणवाडी रिकामी होते. सोयाबीनची सोंगणी उक्त्याने असते. आई पहाटे भाकरी बांधून निघते आणि लहानग्याला बरोबर नेते, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर देते. मग बहिणीचीही शाळा बुडते. दिवाळीनंतर काही तांड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीला बाहेर पडतात. हजेरीपट कोरा राहतो आणि आपण म्हणतो, पालकांना शिक्षणाची किंमत नाही. कोसबाडला हाच प्रश्न होता. तिथली मुले गुरे चारायला रानात जात. ताराबाई आणि अनुताईंनी त्यांना दोष दिला नाही. त्यांनी कुरणशाळा काढली. मुले जिथे गुरे चारत, तिथे शिक्षिका गेली.

आपण खळ्यावरची बालवाडी काढू शकतो. सोंगणीच्या तीन-चार आठवड्यांत, जिथे गावातल्या बायका कामाला एकवटतात त्या शिवाराजवळ, मळणीयंत्रापासून आणि रस्त्यापासून चांगले लांब, निंबाच्या नाहीतर चिंचेच्या सावलीत दोन-तीन तास बालवाडी भरवायची. पिण्याचे पाणी, पोषण आहार आणि टोपल्या तिथेच न्यायच्या. साहित्य मुलांपासून चार हातांवर असते. बहीण सुटून शाळेत जाते. आईला दुपारी भाकरी खाताना आपले मूल शेंगांच्या रांगा लावताना दिसते, आणि ‘नुसते खेळते’ ही तक्रार तिच्या तोंडून पुन्हा येत नाही, कारण त्या रांगांत काय चालले आहे हे सोंगणी करणाऱ्या बाईला कोणापेक्षाही जास्त कळते.

हे सगळे सेविकाताईंच्या एकट्या खांद्यावर टाकणे अन्याय होईल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून त्यांच्यावर कामे वाढतच गेली. वजन, उंची, लसीकरण, आहार, नोंदवह्या आणि आता पोषण ट्रॅकरवरच्या नोंदी. पूर्वशालेय शिक्षण उरलेल्या वेळात होते. म्हणून मी चार मागण्या करते, आणि त्या करण्याजोग्या आहेत.

पहिली, ग्रामपंचायतींकडे. महिला आणि बालकल्याणासाठी स्वउत्पन्नाचा १० टक्के हिस्सा राखून ठेवायचा असतो. त्यातून खळ्यावरच्या बालवाडीसाठी एक ताडपत्री, टोपल्या, तराजू, पाण्याची टाकी आणि सोंगणीच्या काळापुरती एका जास्तीच्या मदतनीस बाईची मजुरी द्या. दुसरी, पर्यवेक्षिका ताईंकडे. भेटीला याल तेव्हा भरलेल्या वह्या मागू नका, मुलांशेजारी अर्धा तास बसा आणि ती काय बोलतात ते ऐका. तिसरी, पालकांकडे. दर शनिवारी तुमच्या शिवारातली एक स्वच्छ, सुरक्षित वस्तू मुलाबरोबर पाठवा. चौथी, माझ्या सेविका भगिनींकडे. गावातल्या चार आज्यांना बरोबर घ्या आणि आपल्या गावाचे हंगामाचे पत्रक तयार करा. कोणत्या महिन्यात काय मिळते, कुठे मिळते, त्याला घरोघरी काय म्हणतात, मुलाला त्यातून काय करता येते, आणि काय देऊ नये. असे पत्रक रिसोडचे वेगळे होईल आणि कारंजाचे वेगळे, आणि ते तसेच व्हायला हवे.

१ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा झाला. २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपले नाव आले आणि तेव्हापासून आपण काय कमी आहे हे मोजत आलो आहोत. ते मोजायलाच हवे. पण लहान मुलांच्या शिक्षणाचे जे साहित्य शहरातल्या शाळा पैसे मोजून विकत घेतात, ते आपल्या शेतात दर आश्विनात पिकते, हेही मोजा. पुढच्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्या. सोयाबीन सोंगणीला यायच्या आत जागा ठरवा, सावली ठरवा, जबाबदारी ठरवा. ताराबाई आणि अनुताईंनी बोर्डीला अंगण निवडले आणि कोसबाडला कुरण. वाशीमने खळे निवडावे, आणि ते याच हंगामात निवडावे, एवढी माझी विनंती आहे.